पायउतार मॅडम

कपाटाची चावी मागायची, कुलूप उघडायचं, चावी लगेच माझ्या हातात परत द्यायची आणि मगच कपाटातली वस्तू काढायची. वानखडे मॅडमची ही रीत पहिल्या दिवशी बघितली तेव्हा मला वाटलं, बाई जरा सरकलेल्या आहेत. कपाट उघडं, बाई समोर, वस्तू आत आणि चावी माझ्याकडं. मी म्हटलं, "मॅडम, सगळं काढून झाल्यावर द्या की. मी कुठं पळून चाललोय?" त्या म्हणाल्या, "कुलूप उघडायला चावी लागते. वस्तू काढायला लागते काय? नाही ना? मग हातात काहून ठेवू?" यावर मला उत्तर सुचलं नाही. मला तसं कशावरच लवकर सुचत नाही, पण गप्प बसवत नाही म्हणून लोकांना ते कळत नाही.

चंदीगडला लागून असलेल्या मनीमाजऱ्याच्या अलीकडं एक खाजगी हॉस्पिटल आहे. नाव सांगत नाही, अजून तिथलाच पगार खातो. तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीत मी अटेंडंट होतो. शिक्षण चौथी, तीही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून पास. गाव माणदेशातलं. चंदीगडला आलो तो एका पलटणीच्या मेसमध्ये मदतनीस म्हणून, आणि मेसमधून बाहेर पडलो तो हाकलला म्हणून. ते पुढं येईलच. नाव पोपट घाडगे. या नावाचा अर्थ एकदा इकडच्या माणसांना सांगून बसलो, तेव्हापासून खोलीतला इंजिनिअर हरप्रीत मला 'तोता जी' म्हणतो. मॅडम 'पोपटराव' म्हणायच्या. अख्ख्या चंदीगडात मला राव लावणारी ती एकच बाई.

मॅडम अमरावतीकडच्या. मिस्टर एअरफोर्समध्ये होते, शेवटची बदली इकडं झाली आणि दोघं इथंच राहिले. ते गेल्यावर मॅडमनी हॉस्पिटलचं काम धरलं. आमच्या खोलीतल्या मोठ्या मशिनींच्या त्या सर्वेसर्वा. त्या मशिनींवर एक नाव असतं, रूट. रूट म्हणून आत शिरलं की मशीन काही विचारत नाही. पूस म्हटलं की पुसतं, उघड म्हटलं की उघडतं. मला वाटायचं, असं नाव एकदा मिळालं तर मी ते अंगावर घालून झोपीन. मॅडम मात्र रूट व्हायच्या, दोन मिनिटांचं काम करायच्या आणि लगेच उतरायच्या. पुन्हा लागलं तर पुन्हा पासवर्ड घालायच्या, दिवसातनं वीस वेळा. हरप्रीत म्हणायचा, मॅडम जी, एकदाच लॉगिन करून बसा ना. त्यावर त्यांचं ठरलेलं, "काम झालं की पायउतार व्हायचं. खुर्ची गरम व्हायच्या आत." म्हणून मी त्यांचं नाव पायउतार मॅडम ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, ठेवायचंच होतं तर जरा लहान ठेवायचं, हाक मारताना दम लागेल.

हेच त्या प्रोग्रामांनाही लावायच्या. हॉस्पिटलचा जो मुख्य प्रोग्राम होता, ज्याच्यावर सगळ्या वॉर्डांचे कॉम्प्युटर चालायचे, तो चालू होताना आधी मोठ्या अधिकारानं उठायचा. कारण मशीनचा पुढचा दरवाजा उघडायचा अधिकार साध्या नावाला नसतो. दरवाजा उघडला की बाहेरच्या लोकांशी बोलायचं काम मात्र एखाद्या किरकोळ नावानं करायचं. का, तर बाहेरनं कुणी चोर शिरला तरी त्याच्या हाताला किरकोळच लागेल. मॅडमनी मला पडद्यावर असं एक नाव दाखवलं. त्याचा अर्थच 'कुणी नाही'. त्याला घर नाही, त्याच्या मालकीचं काही नाही, कुठं जायची परवानगी नाही. मी म्हटलं, मॅडम, हा तर आमच्या भावकीतला दिसतोय. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "याच्याइतका भरवशाचा कुणी नाही पोपटराव. याच्या हातून चूक झाली तरी नुकसान करायला याच्याकडं आहे काय?" त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की माझ्यासारख्या माणसाला कॉम्प्युटरमध्ये मान आहे. ती म्हणाली, तिथंच राहा मग.

पायउतार व्हायलाही क्रम असतो म्हणे. आपल्याकडं दोन प्रकारचे अधिकार असतात, एक आपल्या नावाचे आणि एक आपल्या गटाचे. आधी गटाचे सोडायचे, मग नावाचे. हे मला काही केल्या कळेना. तेव्हा मॅडमनी मंडळाच्या गणपतीचं सांगितलं. त्या इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीवर होत्या. विसर्जन झालं की कमिटीच्या सगळ्या किल्ल्या, भांड्यांच्या खोलीची, स्पीकरच्या पेटीची, आधी जागेवर ठेवायच्या आणि मग हॉलची स्वतःची किल्ली देऊन बाहेर पडायचं. एका वर्षी एका गृहस्थांनी उलटं केलं. हॉलची किल्ली आधी देऊन टाकली आणि भांड्यांच्या किल्ल्या खिशातच राहिल्या. आता त्या ठेवायला आत कोण घेणार? पुढच्या गणपतीपर्यंत मंडळाच्या पातेल्यांच्या किल्ल्या त्या माणसाच्या खिशात. "मोठा अधिकार आधी सोडला तर बारके सोडायचाही अधिकार राहत नाही," मॅडम म्हणाल्या. मला पटलं. ते गृहस्थ कोण ते मी विचारलं नाही, मला ठाऊक होतं. पातेली घासायला त्या वर्षी मीच होतो आणि खोली बंद म्हणून ती मला मिळाली नव्हती.

आणखी एक खोड होती. खोलीला कुलूप मी लावायचो. मॅडम जिन्यापर्यंत जायच्या, परत यायच्या आणि कुलूप तीनदा ओढून बघायच्या. मला राग यायचा. मी म्हणायचो, लावलंय मॅडम. त्या म्हणायच्या, "लावलं म्हणजे लागलं असं नसते." प्रोग्रामला अधिकार सोड म्हटलं की तो सोडतोच असं नाही, कधी कधी मशीन नको म्हणतं. तेव्हा सोडला का, असं पुन्हा विचारून बघायचं. न विचारता पुढं जाणाऱ्याला त्या आंधळा म्हणायच्या. हरप्रीतला त्यांनी तीनदा आंधळा म्हटलेलं मी ऐकलं, तरी त्यानं राग धरला नाही. तिसऱ्यांदा तर त्यानं डोळे मिटून चाचपडत जाऊन त्यांच्यासाठी चहा आणला.

आता जे सांगायचंय त्यासाठी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. मला समजली म्हणजे तुम्हाला समजेलच. चालू असलेला प्रोग्राम म्हणजे प्रोसेस. मॅडमच्या भाषेत, एक भटारखाना. आत काम करणारे आचारी म्हणजे थ्रेड. आमच्या प्रोग्रामात असे आठ होते. पीठ एक, चूल एक, भांडी सामायिक. वॉर्डातनं कुणाचंही काम आलं की आठांतला जो मोकळा असेल तो ते घेणार. आणि काम ज्याचं, बिल्ला त्याचा. डॉक्टरचं काम आलं तर आचाऱ्यानं डॉक्टरचा बिल्ला लावायचा, म्हणजे डॉक्टरला जे बघायची परवानगी आहे तेवढंच तो बघू शकणार. नर्सचं आलं तर नर्सचा. प्रत्येक कामानंतर बिल्ला काढून पुन्हा मूळच्या नावावर यायचं, कारण बिल्ल्यांची पेटी फक्त मूळच्या नावालाच उघडते. एकाच भटारखान्यात एकाच वेळी एक आचारी डॉक्टर, दुसरा नर्स आणि तिसरा पोपट असू शकतो. पोपटाचा बिल्ला सगळ्यात लहान.

हे ऐकून मी मॅडमना मेसमधलं सांगितलं. मेसच्या कोठीवर माल चिठ्ठीवर मिळायचा, तोंड बघून नाही. आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी पार्टीसाठी पाच किलो काजूची चिठ्ठी दिली होती, काजू आणून झाल्यावरही ती तशीच माझ्या खिशात राहिली होती. दुसऱ्या दिवशी मला पाठवलं कांद्याला. मी खिशात हात घातला, हाताला लागली ती चिठ्ठी दिली, आणि कोठीवाल्यानं काजू मोजून दिले. शहाण्या माणसानं तिथं थांबावं की नाही? मला वाटलं, आज काजूची भजी असतील. आचाऱ्यासमोर नेऊन ओतले. संध्याकाळपर्यंत मी मेसच्या गेटबाहेर होतो. मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाल्या, "चूक तुझी अर्धी. चिठ्ठी परत काहून घेतली नाही कोणी, हे कोणी विचारलं?" नव्हतं विचारलं. इतक्या वर्षांत ती चूक अर्धी करणारं पहिलं माणूस भेटलं.

पुढं माझी बढती झाली. दुपारी दोन तास मला फायलींच्या खिडकीवर बसवायला लागले. काम सोपं. फाइल आली की तिच्यावरची पट्टी मशीनला दाखवायची, पडद्यावर एक छोटं पान यायचं आणि उजवीकडं खाली एक निळं बटण. ते दाबलं की फाइल वॉर्डात रवाना. पडद्यावर सगळं इंग्रजी. मला इंग्रजी येत नाही हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. निळं बटण कुठं असतं ते मला ठाऊक होतं, तेवढ्यावर माझं चाललं होतं.

एका दुपारी बारा नंबर खाटेवरच्या आजोबांची फाइल आली. पट्टी दाखवली, तर छोट्या पानाऐवजी भलंमोठं पांढरं पान उघडलं. खूप ओळी, खूप चौकोन. पण उजवीकडं खाली निळं बटण होतंच. दाबलं. फाइल ट्रॉलीवर ठेवली आणि पुढची घेतली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या रांगेत कळलं की डॉक्टर मृणालची चौकशी लागलीय. ही मुलगी नांदेडची, आमच्याकडं नवीनच लागली होती. अजून कायम व्हायची होती, सहा महिन्यांचं प्रोबेशन संपत आलेलं. बारा नंबरच्या आजोबांच्या किडनीचा रिपोर्ट यायचा होता, म्हणून तिनं एका औषधाची ऑर्डर अर्धीच लिहून ठेवली होती, सही न करता. रिपोर्ट बघून डोस कमी करणार होती. पण ऑर्डरवर सही झालेली निघाली, तिच्या नावानं, मोठ्या डोससकट. औषध द्यायच्या आधी जुन्या सिस्टरला तो आकडा खटकला, तिनं फोन केला आणि आजोबा वाचले. डॉक्टर म्हणत होती, मी सही केलीच नाही, मी तेव्हा जेवत होते. मशीन म्हणत होतं, तिनंच केलीय. आमचे बडे साहेब म्हणाले, एक तर तू सही केलीस नाहीतर स्क्रीन उघडी टाकून जेवायला गेलीस. दोन्हींत चूक तुझीच. असा शेरा पडला असता तर ती कायम झाली नसतीच, आणि पुढं कुठं अर्ज करायलाही तोंड राहिलं नसतं.

बारा नंबर म्हटल्याबरोबर मला ते पांढरं पान आठवलं. चहा तसाच राहिला. मी दोन दिवस गप्प होतो. पोपट घाडगे दोन दिवस गप्प होता, हे आमच्या घरी शपथेवर सांगितलं तरी कुणी मानणार नाही. बायकोनं मला ताप आहे का बघितला. मी मनाशी म्हणत होतो, मशीनच म्हणतंय डॉक्टरनं केलं, तर मी कोण मोठा मशीनपेक्षा? आपलं कंत्राटाचं काम, दोन पोरं शाळेत, मनीमाजऱ्याच्या गल्लीत भाड्याची खोली. तिसऱ्या दिवशी फाइल घेऊन वॉर्डात गेलो तर डॉक्टर मृणाल लिफ्टच्या कडेला उभी राहून आईशी फोनवर बोलत होती. "हो गं, सगळं ठीक आहे," म्हणत होती आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती. मी तसाच खाली आलो आणि मॅडमना सगळं सांगितलं.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, असं होऊच शकत नाही. तुझ्या बिल्ल्यावर ते पानच उघडत नाही. मी म्हटलं, उघडलं मॅडम. त्या म्हणाल्या, स्वप्न पडलं असेल. तरी त्यांनी मला सरावाच्या मशीनवर बसवलं, खोट्या पेशंटची पट्टी दिली आणि दाखवत राहा म्हणाल्या. मी तीस-चाळीस वेळा दाखवली. दर वेळी माझं ते छोटं पान. हरप्रीत म्हणाला, तोता जी, लस्सी कम पिया करो. माझा स्वतःवरचा विश्वास तसाही तोळाभरच, तोही जायला लागला. तेवढ्यात मला आठवलं, त्या दुपारी सगळ्यांच्या पडद्यांवर चाक फिरत होतं, लॅबची लाइन गेली म्हणून बोंब होती.

मॅडम तशाच उठल्या. त्यांनी डॉक्टर मृणालला खाली बोलावलं, सरावाच्या मशीनवर तिला तशीच अर्धी ऑर्डर लिहायला लावली आणि ती सेव्ह करायच्या वेळी स्वतःच्या हातानं लॅबकडची वायर उपसली. चाक फिरलं, लाल अक्षरं आली. मग मला म्हणाल्या, दाखव. पहिल्यांदा छोटं पान. दुसऱ्यांदा छोटं. पाचव्यांदा तेच भलंमोठं पांढरं पान उघडलं, वर डॉक्टर मृणालचं नाव. हरप्रीतच्या हातातला वडा हातातच राहिला.

मॅडमनी तिथंच समजावून सांगितलं, मलाच उद्देशून, जणू सगळ्यात मोठा इंजिनिअर मीच. आठ आचाऱ्यांतल्या एकानं डॉक्टरचा बिल्ला लावून काम घेतलं. मधेच लाइन गेली, काम फसलं. फसलं की तो सरळ बाहेर पडला, बिल्ला काढायची ओळ मागंच राहिली. पुढचं काम आलं पोपटचं. तो पोपटचा बिल्ला लावायला गेला, पण अंगावर डॉक्टरचा होता, आणि बिल्ल्यांची पेटी फक्त मूळच्या नावाला उघडते. पेटी उघडली नाही. बिल्ला बदलला का, हे कुणी विचारलंच नाही. मग तो डॉक्टर म्हणूनच पोपटचं काम करत राहिला, आणि डॉक्टरच्या पानावर निळं बटण म्हणजे सही. आधीच्या तीस-चाळीस वेळा लाइन गेलीच नव्हती, आठही आचारी चांगले होते; आता एकच बिघडला, म्हणून तो पाचव्यांदा हाताला लागला.

मी विचारलं, "मॅडम, हा भाग कुणी लिहिला?" खरं तर मला वाटत होतं, हरप्रीतनं लिहिला असेल. जरा आशाच होती म्हणा.

"मी लिहिलाय," मॅडम म्हणाल्या. "आंधळी मीच."

बड्या साहेबांकडं मॅडम मला बरोबर घेऊन गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हता. पुढच्या महिन्यात हॉस्पिटलची तपासणी होती, त्यात कॉम्प्युटरची चूक निघाली तर सगळ्यांनाच निस्तरावं लागणार होतं. तो म्हणाला, "मॅडम, लिख दीजिए कि स्क्रीन खुली रह गई थी. लड़की को मैं बाद में देख लूँगा, यहीं रख लेंगे." मॅडम म्हणाल्या, "सर, वो स्क्रीन बंद थी. खुला मेरा प्रोग्राम था. मैं वही लिखूँगी." साहेबानं पंख्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, आणि याचं काय? मॅडम म्हणाल्या, याचंही लिहीन.

ते 'याचंही लिहीन' माझ्या टाळक्यात बसलं. दोन पानांचा रिपोर्ट झाला, इंग्रजीत. मॅडमनी सही केली, हरप्रीतनं केली, मला म्हणाल्या, इथं कर. मी केली. माझी एक प्रत मला दिली. आठवड्यात निकाल लागला. डॉक्टर मृणालवर शेरा नाही. प्रोग्राम दुरुस्त झाला. आणि मला फायलींच्या खिडकीवरून उचलून चादरी-कपड्यांच्या खोलीत टाकलं. धोबीघाटच तो. मी काय समजायचं ते समजलो. बाई मोठ्या, शेवटी सगळं माझ्या डोक्यावर उतरवून मोकळ्या झाल्या. मी स्वतः होऊन सांगितलं, त्याचं हे बक्षीस. गल्लीत, घरात, ओल्या चादरींना, जो भेटेल त्याला मी हे सांगत सुटलो.

मॅडमचं कंत्राट त्या मार्चमध्ये वाढवलं नाही. मी म्हटलं, बरं झालं. त्यांनी सामान बांधलं, अमरावतीला भावाकडं जायचं ठरवलं. खोलीत निरोपाचा समोसा-चहा झाला. मला निरोप आला होता, मी गेलो नाही. चादरी मोजतोय म्हणून सांगितलं. त्या जाताना कपड्यांच्या खोलीपाशी आल्या. मी मोठ्या मशीनच्या मागं जाऊन उभा राहिलो. धुलाईचा आवाज चालू होता. त्यांनी दोनदा हाक मारली, पोपटराव, पोपटराव. मी ऐकू न आल्यासारखं केलं. मोठ्या आवाजात उभं राहून ऐकू येत नाही असं दाखवायला काही कष्ट पडत नाहीत, पण मी तरी चेहरा बहिऱ्यासारखा केला होता.

ऑगस्टात डॉक्टर मृणाल आमच्याकडं जेवायला आली. तिला ज्वारीची भाकरी हवी होती. गावाकडनं पीठ आलं होतं, बायकोनं भाकरी टाकली, पिठलं केलं. आमची पोरं तिच्याशी हिंदीत बोलत होती, ती त्यांच्याशी मराठीत. मांडणीवर लोणच्याच्या बरणीखाली मी तो रिपोर्ट घातला होता. रागानं घातला होता, मॅडमची सही बरोबर बरणीच्या बुडाखाली येईल अशी. लोणचं घेताना डॉक्टरच्या हाताला तेलकट कागद लागला. तिनं विचारलं, काका, हा इथं कसा? मी म्हटलं, त्यात माझं नाव आहे, म्हणून त्याच लायकीच्या जागी ठेवलाय.

तिनं हात धुतले आणि वाचून दाखवला, एकेका ओळीचं मराठी करत. चूक प्रोग्रामची आहे आणि तो प्रोग्राम मी लिहिला आहे. डॉक्टर मृणाल यांनी सही केलेली नाही, त्यांची स्क्रीन बंद होती. मग माझ्या नावाचा भाग आला. ही चूक पोपट घाडगे यांनी शोधली. ते स्वतः होऊन सांगायला आले नसते, तर ती आम्हाला सापडली नसती. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना पूर्ण इंग्रजी पडद्यावर बसवणं ही आमची चूक आहे, त्यांची नाही. पडदा हिंदीत करावा आणि त्यांना त्याच जागी ठेवावं.

"त्याच जागी ठेवावं, असं लिहिलंय?" मी विचारलं.

"हो काका. खाली रेघही मारलीय."

बायको म्हणाली, "आणि हे पाच महिने त्या बाईला शिव्या घालतायत." भाकरी थापता थापता म्हणाली, माझ्याकडं बघितलंही नाही.

मला इंग्रजी येत नाही हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मॅडमना कधी कळलं होतं, देव जाणे. त्यांनी कधी दाखवलं नाही.

जेवण झाल्यावर डॉक्टरनंच फोन लावून दिला. मी मनात मोठं भाषण जुळवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "बोला पोपटराव," आणि भाषण गेलं. मी म्हटलं, मॅडम, मी तुम्हाला पाच महिने शिव्या दिल्या. त्या म्हणाल्या, "दिल्या असशील. इथपर्यंत नाही आल्या." मग विचारलं, मृणाल कायम झाली का? मी म्हटलं, झाली, इथंच बसलीय, आमच्याकडं जेवली. मग म्हणाल्या, "बरं झालं. आता कागद घे." त्यांना इतके दिवस एक शंका खात होती. औषधांच्या दुकानाचा जो वेगळा प्रोग्राम आहे, त्यातही त्यांनी असंच काहीतरी लिहिलं होतं, तेही मधेच फसलं तर बिल्ला अंगावर राहत असेल. हरप्रीतला दोन ईमेल केले, उत्तर आलं नाही, बहुतेक जुन्या पत्त्यावर गेले. मी त्याच रिपोर्टच्या पाठीमागं, जिथं तेल लागलं नव्हतं तिथं, त्या सांगतील तसं लिहून घेतलं. इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत. फाइलचं नाव, ओळ कुठली, काय बघायचं. त्यांनी माझ्याकडनं दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा एक अक्षर चुकलेलं निघालं.

दुसऱ्या दिवशी चादरींचं काम सोडून मी वर गेलो आणि हरप्रीतसमोर कागद ठेवला. त्यानं वास घेतला आणि विचारलं, अचार है क्या? मी वाचलं, त्यानं पडद्यावर ती जागा काढली. बघत राहिला. सरावाच्या मशीनवर वायर उपसून बघितली. तिथंही तेच होतं. दुपारपर्यंत त्यानं दुरुस्त केलं, बिल्ला निघाला का ते पुन्हा विचारणारी ओळ घातली आणि तीनदा चालवून बघितली.

मग नोंद करायला बसला. कुठली चूक, कधी दुरुस्त केली, कुणी शोधली. शेवटच्या चौकोनाशी थांबला आणि म्हणाला, "तोता जी, आपका नाम डाल दूँ?"

मी म्हटलं, "नाही. सुलभा वानखडे लिही."

"पर वो तो अब यहाँ हैं नहीं."

मी म्हटलं, "तरी लिही."